मैदानावर बँड का विस्कटतो?

खोलीत झकास वाजणारा शाळेचा बँड मैदानावर उतरला की बऱ्याचदा विस्कटतो. मग बँडमास्तर ओरडतात, "अरे, एकमेकांचं ऐका!" गंमत म्हणजे मुलं ऐकत असतात, म्हणूनच घोटाळा होतो.

२० अंश सेल्सिअसला ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. ढोल आणि ट्रम्पेट ५० मीटर दूर असतील, तर ढोलाचा ठोका ट्रम्पेटवाल्याच्या कानी पडायला ०.१५ सेकंद लागतात. कूच करतानाची लय, म्हणजेच टेम्पो, बहुतेकदा मिनिटाला १२० ठोके असते; दोन ठोक्यांमध्ये अर्धा सेकंद. त्याचे चार भाग केले की एक भाग ०.१२५ सेकंदाचा. म्हणजे कानावर विसंबलेला ट्रम्पेट पाव ठोक्याहून जास्त मागे पडतो. त्याचा सूर परत ढोलापाशी येईपर्यंत उशीर दुप्पट होतो. आता ढोलवाला त्याच्यासाठी थांबू लागला, की लय उतरलीच म्हणून समजा.

त्यामुळे मागचे ढोल मास्तरांच्या हाताकडे बघून वाजवतात, कारण प्रकाशाला असा उशीर होत नाही. पुढच्या रांगा मात्र मागून येणाऱ्या ठोक्यावर आपला सूर बसवतात. मग सगळा आवाज एकदमच पुढे सरकतो आणि समोरच्या श्रोत्यांना एकत्र ऐकू येतो.

तरी नुसतं ऐकून वाजवणं जमणार नाहीच. आवाज ऐकून हात हलवायला माणसाला साधारण ०.१५ सेकंद लागतात. ठोका ऐकल्यावर वाजवणारा कायम उशिराच असणार. आपला मेंदू आधीच्या ठोक्यांवरून पुढचा ठोका कधी येणार याचा अंदाज बांधतो आणि हात त्या बेताने निघतो. सुरुवातीला 'एक, दोन, तीन, चार' मोजतात ते याचसाठी.

सूर जुळवण्याची गोष्ट वेगळी. इथे कानच राजा. एक क्लॅरिनेट सेकंदाला ४४० कंपनांवर आणि दुसरा ४४३ वर वाजला, तर आवाज सेकंदाला तीनदा हिंदकळतो: वाँव, वाँव, वाँव. चढा वाजणारा मुलगा क्लॅरिनेटचा जोड किंचित बाहेर ओढतो. नळी लांबते, सूर उतरतो, हिंदकळणं मंदावतं आणि शेवटी थांबतं. हे एकदा कानाने पकडलं की सूर मोजणाऱ्या यंत्राची फारशी गरज उरत नाही.

मास्तर 'कॉन्सर्ट बी फ्लॅट', म्हणजे प्रत्यक्ष कानाला ऐकू येणारा बी फ्लॅट हा पाश्चात्त्य स्वर, म्हणाले की बासरीवाला बी फ्लॅट वाजवतो, ट्रम्पेटवाला सी आणि आल्टो सॅक्सोफोनवाला जी, पण निघतो एकच स्वर. वाद्यांच्या लेखनपद्धती वेगळ्या आहेत, एवढंच. पाठ करावं, सुटावं.

आता आवाजाच्या जोराच्या खुणा: फोर्टे म्हणजे जोरात, पियानो (इथे वाद्य नव्हे) म्हणजे हळू, क्रेशेंडो म्हणजे आवाज चढवत नेणं. यातलं पियानो सर्वांत अवघड, असं माझं मत. एकाच्या जागी सारख्याच जोराने वाजवणारे दोघे आले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला दहाएक वादक लागतात. म्हणजे नुसती संख्या वाढवून फोर्टे उठावदार होत नाही. त्याच्या अलीकडचा भाग सगळ्यांनी खरोखर हळू वाजवला, तरच तो अंगावर येतो.

आता ऊन. वाद्यातली हवा १० अंशांनी तापली की तिच्यातला ध्वनीचा वेग वाढतो आणि फुंकवाद्यांचा सूर अर्ध्या स्वराच्या (लगतच्या दोन स्वरांमधल्या सर्वांत लहान अंतराच्या) जवळजवळ एक तृतीयांश चढतो. त्याच उन्हात ग्लोकेनस्पीलच्या, म्हणजे छोट्या हातोड्यांनी वाजवायच्या वाद्याच्या, धातूच्या पट्ट्या मात्र किंचित उतरतात, आणि त्या जागच्या जागी लावता येत नाहीत. म्हणून आधी दहा मिनिटं मैदानावरच वाजवून वाद्यं गरम होऊ द्यावीत आणि मग ग्लोकेनस्पीलच्या स्वराला बाकीचे सूर जुळवावेत. खोलीत लावून आणलेला सूर बाहेर टिकत नाही.