हाताला कळते, आकड्याला कळत नाही

स्वयंपाकघरासाठी साधा डिजिटल काटा आणला, त्या संध्याकाळी आईने भाकरीसाठी केलेले ज्वारीचे चार उंडे मी एकेक करून त्यावर ठेवले. सर्वांत हलका आणि सर्वांत जड उंडा यांत आठ ग्रॅमांचेही अंतर निघाले नाही. मग एका उंड्याचे वजन किती असेल असे तिला विचारले, तर ती म्हणाली, "पावशेर भरंल की." उंडा सव्वाशे ग्रॅमांच्या आसपास होता. हात इतका नेमका असताना आकडा थेट दुप्पट निघावा, यात तिची चूक कमी आणि माणसाच्या मज्जासंस्थेची रीत अधिक आहे.

एकोणिसाव्या शतकात जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्न्स्ट वेबर यांनी हातात उचललेल्या वजनांवर प्रयोग केले. दोन वजनांतील फरक जाणवण्यासाठी तो ठरावीक ग्रॅमांचा असून चालत नाही, मूळ वजनाच्या ठरावीक हिश्शाइतका असावा लागतो, आणि हा हिस्सा साधारण चाळिसावा असतो, असे त्यांना आढळले. ४०० ग्रॅमांत १० ग्रॅमांची भर पडली की हाताला कळते. चार किलोंच्या पिशवीत तेवढीच भर पडली तर पत्ता लागत नाही. म्हणजे हात हा जुन्या तागडीसारखा आहे. दोन वस्तूंची तुलना तो उत्तम करतो, पण त्याच्यावर आकडे छापलेले नसतात. ते आपल्याला शिकून चिकटवावे लागतात.

ही तागडीही फसते. १८९१ साली फ्रेंच वैद्य ओगुस्तँ शार्पाँतिए यांनी दाखवून दिले की, समान वजनाच्या दोन वस्तूंपैकी आकाराने मोठी वस्तू हलकी वाटते. एका हातात अर्धा किलो भडंगाची पिशवी आणि दुसऱ्या हातात अर्धा किलो गुळाचा खडा घेतला की गूळच जड भासतो, आणि दोन्ही सारखे आहेत हे ठाऊक असूनही भास जात नाही.

डोळ्याची अडचण वेगळी आहे. डोळा अन्नाचे वजन पाहतच नाही, तो पसारा पाहतो, आणि तोही शेजारच्या वस्तूच्या मानाने. बेल्जियन शास्त्रज्ञ जोसेफ देलबफ यांनी १८६५ साली वर्णिलेल्या भासानुसार, मोठ्या वर्तुळाच्या मधोमध काढलेले वर्तुळ आहे त्यापेक्षा लहान दिसते; मोठ्या ताटातला भाताचा ढीग तसाच लहान दिसतो. (लहान ताट घेतले की माणूस खरोखर कमी जेवतो का, यावर प्रयोगांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत, त्यामुळे तो सल्ला मी छातीठोकपणे देणार नाही.) शिवाय पसारा वाढतो त्या प्रमाणात डोळ्याला तो वाढलेला दिसत नाही. भाकरीचा व्यास २० सेंटिमीटरऐवजी २२ झाला आणि जाडी तीच राहिली, तर पीठ २१ टक्के अधिक लागते. पाहणाऱ्याला मात्र ती "जराशी मोठी" वाटते. भाकरी निदान मोजता तरी येते. भात, पोहे, उसळ यांना स्वतःचा आकार नसल्यामुळे त्यांचा अंदाज सर्वांत जास्त चुकतो.

यावर आपला पिढीजात उपाय म्हणजे माप. चिपटे, मापटे, शेर, पायली ही सारी धान्याची मापे आकारमानाची होती. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक पद्धत आली, तरी घरातली वाटी तशीच राहिली, आणि वाटीचे दुखणेही तेच राहिले. १५० मिलिलिटरच्या वाटीत शेंगदाणे साधारण ९० ग्रॅम मावतात आणि चुरमुरे जेमतेम १५ ते २० ग्रॅम. पीठ चाळून सैल भरले किंवा ठोकून दाबून भरले, तर एकाच वाटीत चौथाईपर्यंत फरक पडू शकतो. मुळात आपली वाटी किती मिलिलिटरची आहे हेच बहुतेकांना ठाऊक नसते. ते कळणे फार सोपे आहे: रिकामी वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्य करावा आणि काठोकाठ पाणी भरावे, जितके ग्रॅम दिसतील तितके मिलिलिटर. आमच्या घरात "वाटी" या एकाच नावाने वावरणाऱ्या तीन वाट्या ११०, १५० आणि १९० मिलिलिटरच्या निघाल्या.

आणखी एक घोटाळा कच्च्या-शिजलेल्याचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात २००० किलोकॅलरींच्या दिवसाच्या आहारासाठी २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये आणि २७ ग्रॅम तेल-तूप असे प्रमाण आहे. ते कच्च्या जिनसांचे आहे. १०० ग्रॅम तांदळाचा भात पाण्यामुळे अडीचशे ते तीनशे ग्रॅम होतो. ताटातला भात तोलून तो २५० शी ताडणारा माणूस स्वतःला उगाच उपाशी ठेवतो.

अंदाज सुधारतो तो नुसत्या सरावाने नव्हे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी लोकांना डोळे बांधून ठरावीक लांबीच्या रेषा काढायला लावल्या. रेषा किती चुकली हे सांगितले नाही, तेव्हा शेकडो प्रयत्नांनंतरही हात सुधारला नाही. म्हणून वाढल्यावर आधी आकडा मोठ्याने बोलावा आणि मगच वाटी काट्यावर ठेवावी. उलट क्रमाने केल्यास काटा उत्तर देतो, पण आपण काही शिकत नाही. काटा खरा आहे ना, हे पाहायला दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी पुरेशी आहे: दूध पाण्यापेक्षा किंचित जड असल्याने ती ५१५ ग्रॅमांच्या थोडी वर भरली पाहिजे. लहान वजनासाठी दहा रुपयांची दहा नाणी ठेवावीत, ती सुमारे ७७ ग्रॅम भरतात.

तेलाला ही रीत लागू करताना कोल्हापूरकराला जरा धैर्य लागते. तेलाची घनता ०.९२ च्या आसपास असल्याने तांबड्या रश्श्याचा कट वर तरंगतो, आणि पळी वरून फिरवली की तळापर्यंत बुडवून काढली यावर एकाच मापाच्या वाटीतले तेल कितीतरी बदलते. त्यामुळे वाटीत ते मोजता येत नाही. फोडणीआधी आणि नंतर तेलाची बरणी तोलून वजाबाकी करावी लागते. गेल्या रविवारी आईच्या "दोन पळ्या" ९० ग्रॅमांच्या निघाल्या. पाच माणसांत प्रत्येकी १८ ग्रॅम, अर्थात कट सर्वांना सारखा मिळाला असे धरले तर. आमच्याकडे तो पहिल्या पंगतीतच संपतो.