रात्रभर एका थ्रशच्या मागे

1973 सालच्या वसंतात संशोधक बिल कॉक्रन अमेरिकेतल्या इलिनॉयहून एका पक्ष्याच्या मागावर निघाले. गाडीच्या टपावर फिरवता येणारी अँटेना, आत रिसीव्हर आणि वर अंधारात कुठेतरी जेमतेम 30 ग्रॅमचा स्वेन्सन्स थ्रश, आपल्या कस्तुराच्या गोतावळ्यातला. पक्षी दिसायचा प्रश्नच नव्हता. ऐकू यायची ती त्याच्या अंगावरच्या ट्रान्समीटरची टिकटिक. ती क्षीण झाली की अँटेना फिरवायची आणि त्या बाजूला जाणारा रस्ता शोधायचा. पक्षी आपल्या दिशेने नीट जातो, रस्ते मात्र जात नाहीत! अशा सात रात्री, सुमारे 1,500 किलोमीटर, थेट कॅनडातल्या मॅनिटोबापर्यंत.

त्या टिकटिकीत जागेपेक्षाही जास्त काही दडलेलं असतं. पंख हलले की संदेशाची तीव्रता किंचित खालीवर होते. त्यावरून पक्षी सेकंदाला किती वेळा पंख मारतो, हे खाली गाडीत बसून मोजता येतं. आणि हे यंत्र चिकटवायचं कशाने? अशा संशोधनात चक्क खोट्या पापण्या लावायचा गोंद वापरला गेला. पुढे दोन्ही मांड्यांभोवती अडकवायचे लवचिक फासे आले. ओझं मात्र पक्ष्याच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांच्या आतच ठेवायचं.

थ्रश रात्री उडतात आणि दिवसा झाडीत उतरून किडे, फळं खातात. आपलं लक्ष साहजिकच उड्डाणाकडे जातं. पण कॉक्रन, पक्षी-स्थलांतराचे अभ्यासक मार्टिन विकेल्स्की आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये थ्रशच्या ऊर्जेचा हिशेब मांडला, तेव्हा चित्र उलटंच निघालं. विशिष्ट समस्थानिकांचं (म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंचं) पाणी टोचून पक्षी सोडले, रात्रभर गाडीने पाठलाग केला आणि उतरल्यावर जाळ्यात पुन्हा पकडून रक्त तपासलं. सगळ्या प्रवासात उडण्यापेक्षा मुक्कामांवरच दुपटीहून जास्त ऊर्जा खर्च होत होती. वसंतातल्या थंडीत अंग ऊबदार ठेवायचं, भक्ष्य शोधायचं आणि दिवसच्या दिवस थांबायचं, हे सगळं महागच पडतं.

आता गाडी हाकावी लागत नाही. 2014 पासून कॅनडातून चालणाऱ्या ‘मोटस’ या रिसीव्हरांच्या जाळ्यात बरेच टॅग, म्हणजे अंगावरचे छोटे ट्रान्समीटर, एकाच वारंवारतेवर बोलतात, फक्त प्रत्येकाचा सांकेतिक क्रमांक वेगळा. त्यामुळे एकाने लावलेला टॅग शेकडो किलोमीटरवरच्या दुसऱ्याच कुणाच्या अँटेनाला ऐकू येतो. टॅग ग्रॅमच्या काही अंशांइतके हलकेही मिळतात.

अमेरिकेतल्या अलाबामाच्या किनाऱ्यावर, फोर्ट मॉर्गनला, शरद ऋतूत असेच पक्षी टॅग केले गेले. पुढे मेक्सिकोचं आखात, पलीकडे सुमारे हजार किलोमीटरवर मेक्सिकोचा युकातान द्वीपकल्प. अंगावर भरपूर चरबी असलेले पक्षी दक्षिणेला समुद्रावर झेपावतात. बारीक अंगाचे बरेचसे मात्र उलटे, उत्तरेला जमिनीकडे वळतात. नकाशावर वाटतं, वाट चुकली. प्रत्यक्षात ते आधी पोट भरायला निघालेले असतात.