अणुभट्टी ‘बंद’ म्हणजे नेमकं काय

आमच्याकडं वीज केंद्र म्हटलं की कोराडी, पारस, चंद्रपूर, कोळसा अन राख. जुना संच भंगारात काढला की लोखंड लिलावात जाते, राखेचा तलाव तेवढा गावाच्या उशाशी राहते. म्हणून अणुभट्टीचा विषय निघाला की पारावर पहिला प्रश्न येते, मंग तिचं भंगार कोण नेते? हसू नका, घोळ तिथंच आहे.

भट्टी थांबवणं, इंधन काढून घेणं अन सगळं तोडून जागा मोकळी करणं, या तीन वेगळ्या गोष्टी. डीकमिशनिंगचा, म्हणजे मोडीत काढण्याचा, खरा मामला तिसरीचा, पण बातमीत तिन्हीले एकच शब्द, ‘बंद’. राजस्थानातल्या रावतभाट्याच्या अणुकेंद्राचा पहिला संच 1973 चा, 2004 पासून वीज देत नाही, तरी वर्षानुवर्षं तो मोडीत काढला असं कोणी म्हटलं नाही, नुसता थांबलेला. तारापूरचे पहिले दोन 1969 चे, ते 2020 मध्ये दुरुस्तीसाठी थांबवले, म्हणजे तो अजून एक ‘बंद’. थांबण्यात शास्त्र आहे हे कबूल, न्यूट्रॉनचा मारा खाऊन पोलादच किरणोत्सारी होते, त्यातल्या कोबाल्ट-60 चा जोर सव्वापाच वर्षांत निम्मा होते, म्हणून उशिरा तोडलं तर कामगाराले धोका कमी. अमेरिकेत तर तोडून मोकळं करायले 60 वर्षांची मुदत आहे. पण विचार करून थांबले का कोणी ठरवलंच नाही म्हणून थांबले, हे कुंपणाबाहेरून कसं कळणार?

तिकडंही भांडण झालंच. मॅसॅच्युसेट्सच्या रो गावातल्या केंद्राचे मोठे भाग सुनावणी न घेताच काढले, लोक कोर्टात गेले, 1995 ले निकाल त्यांच्या बाजूनं लागला, अन पुढच्याच वर्षी नियम बदलला! आता कंपनीनं अहवाल द्यायचा, 90 दिवस थांबायचं अन काम सुरू, मंजुरी लागत नाही. सभा होते, पण आपल्या जनसुनावणीसारखी, बोलून घ्या अन घरी जा.

आपल्याकडं 2025 ले नवा मंजूर होईपर्यंत अणुऊर्जेचा कायदा 1962 चा होता, अणुऊर्जा नियामक मंडळ 1983 ले सरकारी आदेशानं आलं, डीकमिशनिंगची नियमपुस्तिका 1998 ले. 2012 च्या सरकारी लेखापरीक्षणात निघालं की पुस्तिका येऊन 13 वर्षं झाली तरी एकाही केंद्राकडं मोडीत काढायचा आराखडा नाही, तिशी पार केलेल्यांकडंही नाही अन बंद पडलेल्याकडंही नाही. खर्चासाठी युनिटमागं 2 पैसे घेतात, तारापूरच्या विजेवरही, अन ती वीज महाराष्ट्रातही वापरली जाते. तो पैसा पुरेल का हे पाहायचं काम मात्र नियामकाकडं नव्हतंच, तेही त्याच अहवालात आहे. मंडळाच्या जागी कायद्यानं स्वतंत्र प्राधिकरण आणायचं विधेयक 2011 ले लोकसभेत मांडलं होतं, 2014 ले लोकसभेची मुदत संपली अन तेही गेलं.