पहिला अंदाज आणायचा कुठून? प्रथिनांच्या अवघड रचनांमागची पार्श्वभूमी

प्रथिनाच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडले की डिटेक्टरवर हजारो ठिपके उमटतात. ठिपका किती ठळक हे मोजता येतं. पण ती लहर तिथे पोचली तेव्हा चढावर होती की उतारावर, म्हणजे तिची फेज, याची नोंद राहत नाही. अणूंच्या जागा काढायला दोन्ही लागतात, आणि त्यातही फेजचं वजन जास्त. चांगला स्फटिक हाती असूनही रचना अडते ती बहुधा इथेच.

१९३४ साली बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट (पुढच्या हॉजकिन) यांनी पेप्सिनच्या स्फटिकाचे सुरेख ठिपके टिपले. त्यांतून रचनेकडे जायची वाट मात्र वीसेक वर्षांनी सापडली. केंब्रिजमध्ये मॅक्स पेरुट्झ यांनी हिमोग्लोबिनला पाऱ्याचे अणू जोडले आणि ठिपक्यांच्या ठळकपणात पडलेल्या फरकावरून फेज हुडकली. त्यांचे सहकारी जॉन केंड्र्यू यांचं मायोग्लोबिनही याच रीतीने उलगडलं. आकडेमोडीला एडसॅक संगणक होता. १९६२चं नोबेल दोघांना मिळालं.

त्याच वर्षी रॉसमन आणि ब्लो यांनी जे गणित मांडलं, त्यातून मॉलेक्युलर रिप्लेसमेंट उभी राहिली. आपल्या प्रथिनाचा एखादा नातेवाईक, म्हणजे तशाच ठेवणीचं दुसरं प्रथिन, आधीच उलगडलेला असेल, तर त्याचं मॉडेल नव्या स्फटिकात बसवून बघायचं. तीन कोन आणि तीन दिशांनी सरकवणं, असे सहा आकडे. सहाही एकदम शोधणं संगणकाला झेपणारं नव्हतं, म्हणून आधी फिरवायचं, मग सरकवायचं. जागा जमली की मॉडेलवरून फेज उसनी घ्यायची. गोम अशी, की उसन्या फेजमुळे नकाशाही (इलेक्ट्रॉन कुठे दाट आहेत ते दाखवणारा, ज्यावरून अणूंच्या जागा ठरतात) मॉडेलसारखाच दिसू लागतो, मॉडेल चुकलं असलं तरी!

मॉडेलशिवाय, निव्वळ गणिताने फेज काढणाऱ्या डायरेक्ट मेथड्सना १९८५चं नोबेल मिळालं. पण त्यांना साधारण १.२ अँगस्ट्रॉमपर्यंतचा, म्हणजे अणू सुटे दिसतील इतका बारीक डेटा लागतो आणि प्रथिनं तो क्वचितच देतात. काही अणू क्ष-किरण जरा वेगळ्या तऱ्हेने विखुरतात आणि त्यामुळे ठिपक्यांच्या जोड्यांत बारीक फरक पडतो; या असामान्य विकिरणातून फेज मिळवायची कल्पना जी. एन. रामचंद्रन आणि एस. रामन यांनी १९५६मध्येच मांडली होती. हेंड्रिक्सन यांनी प्रथिनात सेलेनियम घालून ती घरोघरीची केली. यातही चिन्हाची एक चूक महागात पडते: २००६मध्ये पेशीपटलावरच्या वाहक-प्रथिनांचे काही गाजलेले निबंध मागे घ्यावे लागले, कारण एका प्रोग्रॅमने फरकांची चिन्हं उलटी केली होती.

नातेवाईक दूरचा असेल किंवा नसेलच, तर? माझ्या मते खरी गंमत इथून पुढे आहे. फेझर या प्रोग्रॅमने 'हे मॉडेल खरं असेल तर असे ठिपके पडण्याची शक्यता किती' असा संभाव्यतेचा हिशेब लावला, तेव्हा कच्ची मॉडेलंही चालू लागली. आर्किम्बोल्दो या प्रोग्रॅमने अख्ख्या मॉडेलचा नाद सोडून सुटे हेलिक्स (प्रथिनातले मळसूत्री तुकडे) बसवले आणि तेवढ्यावरून नकाशा वाढवत नेला. २०११मध्ये रोझेटा हा प्रथिनांची घडी ताडणारा प्रोग्रॅम वापरून अडलेल्या १३ डेटा-संचांपैकी ८ सुटले. त्याच वर्षी माकडांमधल्या एका विषाणूच्या प्रोटीएजचं (प्रथिनं कापणाऱ्या विकराचं) मॉडेल फोल्डिट हा प्रथिनांच्या घड्या घालायचा संगणकी खेळ खेळणाऱ्यांनी असं घडवलं, की दहाहून अधिक वर्षं रखडलेली रचना सुटली. खेळणाऱ्यांपैकी बहुतेकांचा जीवरसायनशास्त्राशी संबंध नव्हता.

प्रथिनाची रचना भाकीत करणाऱ्या २०२०च्या अल्फाफोल्ड या एआय प्रणालीनंतर पहिलं मॉडेल बहुतेकदा आयतं मिळतं. तरी त्यातले कमी खात्रीचे भाग छाटावे लागतात, डोमेन (प्रथिनाचे स्वतंत्र घडीचे भाग) सुटे करून एकेक बसवावे लागतात. आणि एवढं करूनही जमलं नाही, तर पुन्हा सेलेनियम.