शॅकल्टनने खरंच एकही माणूस गमावला नाही?

जहाजबुडीवरच्या व्याख्यानांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'एन्ड्युरन्स बुडालं, पण शॅकल्टनने एकही माणूस गमावला नाही.' अर्नेस्ट शॅकल्टन हा ब्रिटिश शोधप्रवासी; एन्ड्युरन्स जहाजातून तो अंटार्क्टिका खंड ओलांडायला निघाला होता. पण ते वाक्य अर्धंच खरं आहे.

एन्ड्युरन्सवरचे 28 जण वाचले, यात वाद नाही. नोव्हेंबर 1915 मध्ये बर्फाने चिरडलेलं जहाज बुडालं. सहा जणांनी मदतीसाठी छोट्या होडीतून साउथ जॉर्जिया बेट गाठलं आणि 30 ऑगस्ट 1916 ला एलिफंट बेटावर मागे थांबलेल्या उरलेल्या 22 जणांची सुटका झाली.

पण या मोहिमेचं दुसरं जहाजही होतं, ऑरोरा. ते होतं अंटार्क्टिकाच्या पलीकडच्या बाजूला, रॉस समुद्रात. शॅकल्टन खंड ओलांडून येईल, म्हणून त्याच्या वाटेवर अन्नाचे साठे ठेवायचं काम या तुकडीकडे होतं. मे 1915 मध्ये वादळाने ऑरोराला किनाऱ्यापासून तोडून नेलं. मागे दहा माणसं उरली. बरेचसे कपडे आणि सामान जहाजासोबतच गेलं. त्यांनी आधीच्या मोहिमेच्या जुन्या तंबूंचं कापड फाडून विजारी शिवल्या आणि साठे पोचवलेच! ज्याच्यासाठी जिवाचं रान केलं, तो त्या वाटेने येणारच नव्हता. हे त्यांना कळणार तरी कसं?

परतताना या दहांपैकी स्पेन्सर-स्मिथ स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजाराने गेला. त्यांच्यातलेच मॅकिंटॉश आणि हेवर्ड 8 मे 1916 ला समुद्रावरच्या कच्च्या बर्फावरून चालत निघाले, ते पुन्हा दिसले नाहीत. जानेवारी 1917 मध्ये ऑरोरा सात जणांना घ्यायला आली, तेव्हा शॅकल्टन स्वतः जहाजावर होता.