नामाच्या आधी की नामानंतर? जागा बदलली की अर्थ बदलणारी इंग्रजी विशेषणं

इंग्रजीत विशेषण नामाच्या आधी येतं, हे आपण शाळेत शिकतो आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. घोळ होतो तो ‘द कन्सर्न्ड पेरेंट्स’ आणि ‘द पेरेंट्स कन्सर्न्ड’ अशी जोडी समोर आली की. शब्द तेच आहेत, तेव्हा अर्थही तोच असणार असं धरून अनेक जण पुढे जातात. पण पहिले पालक काळजीत पडलेले आहेत, तर दुसरे त्या प्रकरणाशी संबंधित आहेत. या दुसऱ्या पालकांना काळजी वाटत असेलच असं नाही.

मराठीत ‘चिंतित पालक’ काय नि ‘संबंधित पालक’ काय, विशेषण पुढेच बसतं. त्यामुळे इंग्रजी लिहितानाही हात त्याच वळणाने जातो आणि ‘संबंधित’ म्हणायचं असताना ‘कन्सर्न्ड’ नामाच्या आधी येऊन पडतो.

‘प्रेझेंट’ची गोष्ट याहून महत्त्वाची, कारण तिथे चूक झाली तर नोंदच खोटी ठरू शकते. समजा, एका समितीत 12 सदस्य आहेत आणि बैठकीला 7 जण आले. ठरावाला त्या सातही जणांनी पाठिंबा दिला. इतिवृत्तात ‘ऑल द मेंबर्स प्रेझेंट’ लिहिलं, तर हजर असलेल्या सगळ्यांचा पाठिंबा होता असा अर्थ होतो. तेच ‘ऑल द प्रेझेंट मेंबर्स’ लिहिलं, तर समितीच्या सध्याच्या सगळ्या सदस्यांनी पाठिंबा दिला असं होतं, आणि जे 5 जण आलेच नव्हते त्यांचंही मत त्यात धरलं जातं.

‘अ रिस्पॉन्सिबल पर्सन’ म्हणजे भरवशाचा, जबाबदारीने वागणारा माणूस. ‘द पर्सन रिस्पॉन्सिबल’ म्हणजे जे घडलं ते ज्याच्यामुळे घडलं तो; तो स्वभावाने अगदी बेजबाबदार असू शकतो. ‘अॅन इन्व्हॉल्व्ड एक्स्प्लनेशन’ हे किचकट स्पष्टीकरण असतं, पण ‘द पीपल इन्व्हॉल्व्ड’ ही किचकट माणसं नसतात. ती फक्त त्या प्रकरणात सामील असतात. ‘अ प्रॉपर सिटी’ म्हणजे खरंखुरं, शहर म्हणावं असं शहर. ‘द सिटी प्रॉपर’ म्हणजे उपनगरं वगळून उरलेलं मूळ शहर.

या जोड्या पाठ करत बसण्यापेक्षा त्यामागचं कारण समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. ‘प्रॉपर’सारखा एखादा रूढ प्रयोग सोडला, तर नामानंतर आलेलं विशेषण हे बहुधा एका छोट्या उपवाक्याचा उरलेला तुकडा असतं. ‘द मेंबर्स हू वेअर प्रेझेंट’मधलं ‘हू वेअर’ गळालं आणि ‘द मेंबर्स प्रेझेंट’ राहिलं. म्हणून अशा विशेषणाला एक अध्याहृत शेपूट असतं: हजर, पण कुठे? जबाबदार, पण कशाला? संबंधित, पण कशाशी? उत्तर त्या प्रसंगातच असतं. नामाच्या आधीचं विशेषण मात्र असा प्रश्न उभा करत नाही. ते त्या व्यक्तीचा किंवा वस्तूचा गुण सांगतं, तिला एका प्रकारात बसवतं.

हा फरक ताऱ्यांच्या उदाहरणात फार सुंदर दिसतो. ‘द व्हिजिबल स्टार्स’ म्हणजे सहसा दिसू शकतात असे तारे; आज आभाळ भरून आलं म्हणून त्यांचं दिसणारेपण जात नाही. ‘द स्टार्स व्हिजिबल’ म्हणजे या घटकेला, इथून दिसताहेत तेवढेच. ढग आले की यादी आखडली.

प्रत्येक विशेषणाला ही मुभा नसते. नुसतं ‘द हाऊस बिग’ चालणार नाही. उलट काही ठिकाणी मागे जाणं सक्तीचं असतं. ‘समथिंग न्यू’, ‘नोबडी इंपॉर्टंट’ यांत पर्याय नाही. शेपूट उघडपणे जोडलेलं असेल तेव्हाही तसंच: ‘अ मदर प्राऊड ऑफ हर सन’. मापं दोन्हीकडे चालतात, पण रूप बदलतं. ‘अ वॉल टू मीटर्स हाय’ हेच पुढे आणलं की ‘अ टू-मीटर-हाय वॉल’ होतं आणि ‘मीटर्स’चा ‘स’ गळतो.

‘अटर्नी जनरल’, ‘कोर्ट मार्शल’, ‘नोटरी पब्लिक’ या शब्दांना मात्र वरची चावी लावू नये. तिथे कुठलंही उपवाक्य गळालेलं नाही. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि कायदा नि राज्यकारभारात फ्रेंच भाषा आली. फ्रेंचमध्ये विशेषण बहुधा नामानंतर येतं. 1362 मध्ये न्यायालयातले युक्तिवाद इंग्रजीत करावेत असा कायदा झाला, तरी ही नावं त्याच क्रमात गोठून राहिली. ती उलटी करता येत नाहीत. पारंपरिक अनेकवचनही नामालाच लागतं: ‘अटर्नीज जनरल’, ‘कोर्ट्स मार्शल’. पण ‘मेजर जनरल’चं अनेकवचन ‘मेजर जनरल्स’, कारण तिथे ‘जनरल’ हेच नाम आहे.

आणखी एक रचना हुबेहूब अशीच दिसते, आणि ती ओळखता आली तर बराच गोंधळ मिटतो. ‘आय फाउंड द रूम एम्प्टी’ यातही विशेषण नामानंतरच आहे. पण इथे ते नामाला चिकटलेलं नाही. खोली कशी आढळली, ते सांगतंय. तपासायचं असेल तर नामाच्या जागी सर्वनाम घालून बघा. ‘आय फाउंड इट एम्प्टी’ व्यवस्थित वाचता येतं, विशेषण आपल्या जागी राहतं. ‘द मेंबर्स प्रेझेंट व्होटेड’मध्ये फक्त ‘मेंबर्स’च्या जागी सर्वनाम घातलं, तर ‘दे प्रेझेंट व्होटेड’ असं मोडकं वाक्य होतं. तिथे ‘दे’ हे ‘प्रेझेंट’सकट सगळ्या पदसमूहाची जागा घेतं: ‘दे व्होटेड’.