रोहू पुराची वाट बघतो

मे महिन्यात पहाटे साडेपाचला ठाण्यातल्या एखाद्या तलावाच्या काठावर उभं राहून बघा. पाण्यावर जागोजागी गोल तोंडं उघडझाप करत असतात. फिरायला आलेली मंडळी थांबतात, कुणीतरी पाव आणतं आणि "किती भुकेलेत बिचारे" म्हणत तुकडे टाकायला लागतं. पाव तसाच तरंगत राहतो. एकदा आमच्या इमारतीतल्या मुलानं विचारलं, "काका, खात का नाहीत?" म्हटलं, तू चार जिने धावत चढून आलास आणि दारातच कुणी वडापाव पुढे केला, तर खाशील का?

त्या माशांना भूक नसते, धाप लागलेली असते.

मी तीसेक वर्षं गळ टाकतो. कुठल्या तलावावर ते विचारू नका. गळवाला एक वेळ बँकेतली शिल्लक सांगेल, जागा सांगणार नाही. ठेकेदाराकडे पावती फाडून बसतो, एवढंच सांगतो. सोबत एक वही असते. तिच्यात तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, आमिष आणि शेवटच्या रकान्यात काय मिळालं ते. त्या रकान्यात बहुतेक पानांवर शून्य आहे. पण ती शून्यं ओळीनं वाचत गेलं की हळूहळू लक्षात येतं की माशाचं पंचांग वेगळं असतं. ते पाण्याच्या उष्णतेवर आणि पाण्यातल्या प्राणवायूवर चालतं.

20 अंश सेल्सियसच्या एक लिटर पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. तेच पाणी 30 अंशांवर गेलं की जेमतेम साडेसात. मासा थंड रक्ताचा, म्हणजे पाणी तापलं की तोही तापतो, आणि दहा अंश वाढले की त्याच्या शरीराचा खर्च जवळजवळ दुप्पट होतो. पगारात कपात आणि त्याच महिन्यात दुप्पट भाडं, असा हा प्रकार. त्यात आपले तलाव हिरवेगार. दिवसा हे शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं. दुपारी तर पाण्यात त्याची चैन असते. सूर्य मावळला की निर्मिती बंद, पण श्वास घेणं सगळ्यांचं चालूच. शेवाळ, मासे, तळाच्या गाळातले जिवाणू, सगळे रात्रभर त्याच साठ्यावर जगतात. पहाटेपर्यंत साठा तळाला जातो. अशा वेळी पाण्याचा अगदी वरचा, हवेला चिकटलेला पापुद्रा तेवढा बरा असतो. मासे तोंडं वर काढून तोच कल्ल्यांवरून फिरवत असतात.

थंड देशांतले कार्पवाले पहाटेची वेळ उत्तम मानतात. (कार्प म्हणजे रोहू, कटला, मृगळ यांचंच कुळ.) तरुणपणी ते कुठेतरी वाचून मी दोन उन्हाळे पहाटे जाऊन बसलो. वहीतली सगळ्यात मोठी शून्यांची रांग तिथलीच. आता मे महिन्यात मी संध्याकाळी जातो.

आमिषाबद्दल प्रत्येकाचं गुपित असतं. कुणी कणकेत हिंग घालतं, कुणी मध, एकजण तर मसाला दूध ओततो. माझं साधं आहे. शेंगदाण्याची पेंड आणि भात, दोन दिवस आंबवलेला. कारण असं, की प्रथिनांचे मोठे रेणू पाण्यात फारसे विरघळत नाहीत, त्यांची चव लांब जात नाही. आंबताना त्यांचे तुकडे होतात, अमिनो आम्लं सुटी होतात आणि पाण्यात पसरतात. कार्पच्या ओठांवर, मिशांवर, तोंडाच्या आत आणि अंगावरही चवीच्या कळ्या असतात. आपण जीभेनं चाखतो, तो कातडीनंही चाखतो. तोंडात गाळाचा घास घेऊन टाळूच्या मांसल उशीनं त्यातलं खाणं तेवढं दाबून धरतो आणि बाकीचं थुंकतो. आमचा गळ कितीतरी वेळा त्या बाकीच्यातच जातो.

जबड्यात दात नाहीत. ते घशात असतात. जठर तर नाहीच. खाल्लेलं थेट आतड्यात. त्यामुळे एकदा पोटभर जेवून दिवसभर पडून राहणं त्याला जमत नाही, पाणी ऊबदार असेल तर तो थोडं थोडं चरतच राहतो. कटला वर तोंड करून वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळतो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. एकाच तलावात तिघांना एकत्र सोडतात ते याचसाठी. ताटं वेगळी असली की भांडण होत नाही. गळाच्या दोरीवरचं तरंगतं बूच किती वर बांधायचं, हे कोण हवाय त्यावर ठरतं.

काठावर बोलू नये, असा आमच्यातल्या जुन्या मंडळींचा दंडक आहे. तो मला अर्धाच पटतो. कार्पच्या पोटातली हवेची पिशवी आणि कान यांच्यामध्ये बारीक हाडांची साखळी असते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ वेबर यानं 1820 मध्ये ती दाखवून दिली. या साखळीमुळे तो बऱ्याच माशांपेक्षा तीक्ष्ण ऐकतो. पण हवेतल्या आवाजाची जवळजवळ सगळी ऊर्जा पाण्याच्या पृष्ठभागावरून परत फिरते. म्हणजे राजकारणावर खुशाल बोला, फक्त घाटाच्या दगडावर चपला आपटू नका. जमिनीतून जाणारा धक्का पाण्यात थेट पोचतो.

थंडीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. रोहू 14 अंशांखाली हैराण होतो म्हणतात, ठाण्याचं पाणी तिथवर जातंच कुठे? मासा मंदावतो, एवढंच. दुपारी ऊन चढल्यावर जावं. या दिवसांत गळाला लागतो तो बहुधा सायप्रिनस, म्हणजे थंड देशांतला साधा कार्प, आणि नाहीतर चिलापी, जी बाराही महिने काहीही खाते. एकदा गळाला लागून सुटलेला सायप्रिनस मात्र सहजी परत फसत नाही. 1970 मध्ये नेदरलँड्समधल्या ब्यूकेमा या शास्त्रज्ञानं तळ्यांतल्या कार्पवर गळाचे प्रयोग केले होते. एका अनुभवाचा धडा मासा महिनोन् महिने विसरत नव्हता. माझ्या शून्यांना निदान शास्त्रीय आधार मिळाला.

खरी गोष्ट पावसाची आहे. मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की मुरबाड-शहापूरकडे लोक रात्री बत्त्या घेऊन ओढ्यावर जातात. वलगणीचे मासे! नदीतून ओढ्यात, ओढ्यातून भाताच्या खाचरात, उलट्या धारेनं चढत जाणारे, पोटात अंडी घेऊन निघालेले. रोहू, कटला, मृगळ हे आपल्या कोकणातले मूळचे नव्हेत. ते गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतले, माणसानं इकडे आणलेले. पण त्यांची रीत तीच. नदीला पूर यावा, पाणी काठ ओलांडून उथळ कुरणांत पसरावं, तिथे नर-मादीनं जमावं. अंडी न चिकटणारी, पाणी पिऊन फुगणारी, प्रवाहाबरोबर अधांतरी वाहणारी. एका दिवसाच्या आत त्यांतून पिल्लं निघतात.

आता हा रोहू शहरातल्या तलावात ठेवा, चारी बाजूंनी दगडी बांध. उन्हाळाभर मादीच्या पोटात लाखो अंडी तयार होतात. जून येतो. ठाण्यात शंभर इंचांच्या घरात पाऊस पडतो, पाणी गार होतं, पातळी चढते. मादी तयार असते, नर तयार असतो. येत नाही तो फक्त पूर. वाहत्या, पसरत्या पाण्याची खूण मिळाली की मेंदू आपल्या तळाशी असलेल्या, मोहरीएवढ्या पीयूषिका ग्रंथीला हुकूम देतो आणि तिच्या संप्रेरकाची लाट उसळून अंडी सुटतात. साचलेल्या पाण्यात तो शेवटचा हुकूम सुटत नाही. आठवडे जातात आणि मादीचं शरीर ती अंडी हळूहळू परत शोषून घेतं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. सायप्रिनसचं असं अडत नाही, तो पाणवनस्पतींना अंडी चिकटवून मोकळा होतो.

मग तलावात रोहू येतो कुठून? पूर्वी मत्स्यजिरे नदीतूनच गाळून आणावं लागे. जिऱ्याएवढी पिल्लं म्हणून जिरे. त्यात कुठल्या जातीचं काय येईल, याची खात्री नसे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात अंगुल इथे हिरालाल चौधरी यांनी माशांच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क कार्पला टोचून साचलेल्या पाण्यात अंडी घालायला लावली. जो हुकूम मेंदूकडून येत नव्हता, तो त्यांनी सुईतून दिला. 10 जुलै हा आता देशभर मत्स्यशेतकरी दिन आहे. आपल्या ताटातला जवळजवळ प्रत्येक रोहू त्या सुईचा वारस.

पावसाळ्यात मी कमी जातो. भरलेल्या माद्या नीट खात नाहीत, आणि पहिल्या जोरदार सरींनी तळाचं कुजकं, प्राणवायू संपलेलं पाणी वर आलं की कधीकधी सकाळी मासे पांढरी पोटं वर करून पडलेले दिसतात. तो वास अंगातून दोन दिवस जात नाही. दसऱ्यानंतर मात्र चंगळ. अंडी जिरलेली, ढग गेलेले, पाणी निवळ आणि अजून ऊबदार, आणि मासा वखवखलेला. वहीत आकडे दिसतात ते आश्विन-कार्तिकातच.

गेल्या ऑगस्टमध्ये मात्र एकदा मुद्दाम गेलो होतो. बोटुकलीचा, म्हणजे तलावात सोडायच्या बोटभर पिल्लांचा टेम्पो आला होता. प्लास्टिकच्या फुगीर पिशव्या, तिसरा हिस्सा पाणी, वर प्राणवायू भरलेला. माणसांनी त्या फोडल्या नाहीत, तशाच तलावात तरंगत ठेवल्या. आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गार होईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं. मग तोंडं सोडली. बोटाएवढे रोहू क्षणभर पिशवीच्या तोंडाशीच घुटमळले आणि घाटाच्या सावलीत शिरले. पाऊस भुरभुरत होता. शेजारी बसलेल्या गळवाल्यानं विचारलं, "हे लागायला किती दिवस?" म्हटलं, दीड-दोन वर्षं. त्यानं तंगूस गुंडाळलं आणि आम्ही चहाला गेलो.